वकिली शिकून बायोएथिक्समध्ये (उपचार-संशोधनातल्या नैतिक प्रश्नांच्या कामात) जायचं का?

हेमांगी_एलएलबी:
सनद मिळून दोन वर्षं झाली, दिवाणी कोर्टात सीनियरकडे आहे. आता हेल्थ पॉलिसीत जायचंय पण घरचे म्हणतात डॉक्टरांच्या कामात वकिलाचं काय अडलंय. मला पटत नाही. हल्ल्यानंतर कोमासारख्या अवस्थेत पडून राहिलेल्या नर्स अरुणा शानबागला मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्सेसनी चार दशकं जीव लावून सांभाळलं, पण अशा पेशंटचे उपचार थांबवायचे का आणि ते ठरवायचं कोणी, हे २०११ ला सुप्रीम कोर्टालाच सांगावं लागलं ना? २०१८ ला लिव्हिंग विल (बरं होण्याची आशा नसेल तर जगवणारे उपचार नकोत असं आधीच लिहून ठेवणं) मान्य झालं, पण मॅजिस्ट्रेटची सही हवी म्हटल्यावर लोक कुठून करणार, २०२३ ला नोटरी चालेल म्हणाले तेव्हा कुठे जरा सोपं झालं.

आयसीयूवाला:
स्पष्ट बोलतो. वकील मधे आला की डॉक्टर पेशंट सोडून फाइल बघायला लागतो. बाहेर मुलगा रडत असतो आणि आम्ही आत बघतोय, उपचार थांबवायला लागणारी डॉक्टरांच्या दुसऱ्या बोर्डाची सही आली का. अजून वकील नकोत.

नर्मदा_पुणे:
डॉक्टर, राग समजतो, पण मी औषधांच्या ट्रायल (माणसांवरच्या चाचण्या) तपासणाऱ्या एका एथिक्स कमिटीवर आहे, २०१९ च्या नियमांनी तिथे कायद्याचा माणूस नसेल तर कोरमच होत नाही. एकदा ट्रायलचा संमतीचा फॉर्म आला. इंग्रजीत 'इजा झाल्यास कंपनी भरपाई देईल' आणि मराठीत काय, तर 'मदत केली जाऊ शकते'! बाकी सगळे डोस तपासत होते, तेही बरोबरच. पण अंगठा देणारा माणूस मराठीच ऐकणार ना? फॉर्म परत पाठवला.

साताराकर:
काम चांगलंय हो, पण पोट कशावर भरायचं? कमिटीच्या मानधनावर घर चालत नाही. आणि गर्भपाताचं बघा, २००८ ला पेशंटसाठी मुदतीनंतरच्या गर्भपाताची परवानगी मागायला हायकोर्टात जाणारे डॉ. निखिल दातार मुळात डॉक्टरच, कोर्टाने नाही म्हटलं आणि २० आठवड्यांची मर्यादा बदलायला २०२१ उजाडलं. एवढी वर्षं थांबायची तयारी आहे? आधी कोर्टात दहा वर्षं घासा, मग या.

हेमांगी_एलएलबी:
साताराकर, दातारांनी कायद्याची पदवीही घेतलीये, म्हणजे डॉक्टरलाही ती लागलीच की. पैशाचं खरंय, कोर्ट सोडत नाही. पण नर्मदाताई, ते 'जाऊ शकते' पकडायला कुणीतरी बसायला हवंच. मराठी फॉर्म तपासायला मदत लागत असेल तर सांगा, शनिवारी मोकळी असते मी.