चाल नव्हे, ठेका एक

जमैकाच्या रेगे-डान्सहॉल संगीतात एकाच 'रिडिम'वर वेगवेगळ्या गायकांनी गायलेल्या गाण्यांचे संग्रह निघतात. 'एकाच चालीवर वीस जणांची वीस गाणी म्हणजे निव्वळ आळस' हे त्यांच्याबद्दलचं मत मला पटत नाही. रिडिम म्हणजे चाल नव्हेच. तो तयार ठेका आणि बेस, चाल ज्याची त्याने बांधायची. निर्माता स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेनचा 'दिवाली' रिडिम घ्या (हो, आपलीच दिवाळी!). टाळ्यांचा तो आडवातिडवा ठेका तोच, पण त्यावर शॉन पॉलचं 'गेट बिझी' अंगावर धावून येतं आणि वेन वंडरचं 'नो लेटिंग गो' चक्क हळुवार प्रेमगीत वाटतं. पहिलं तर २००३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत अव्वल होतं.

आणि हे संग्रह संगणक आल्यावरचं खूळ आहे, हेही खरं नाही. निर्माता रूपी एडवर्ड्सने १९७० च्या दशकातच 'यामाहा स्कँक' ही अख्खी तबकडी एकाच रिडिमवर काढली होती, तोही १९६८ च्या एका जुन्याच गाण्याचा. फक्त, असा संग्रह सलग ऐकू नका, सहाव्या गाण्याला मीही कंटाळतो. जमैकाच्या साउंड सिस्टिमवर (नाचाच्या जलशातल्या भल्यामोठ्या स्पीकरांच्या यंत्रणेवर) सिलेक्टर, म्हणजे तबकड्या निवडून लावणारा, ठेका न तोडता एकामागून एक गायक बदलत नेतो. खरी गंमत तिथे.