घाडी, गाडी की आचरेकर? जुन्या खरेदीखतातलं आडनाव इंडेक्समध्ये सापडत नाहीये

खाडीपलीकडे
नमस्कार. आमचं मूळ गाव आचरा, तालुका मालवण. आजोबा मुंबईत गिरणीत लागले तेव्हा नाव लिहिणाऱ्याने गाव विचारलं आणि आचरेकर लिहून टाकलं, तेव्हापासून बाबा, आम्ही भावंडं, सगळ्यांच्या दाखल्यांवर तेच. पण गावी सातबाऱ्यावर आहे घाडी, ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंबाचा मॅनेजर) म्हणून पणजोबांच्या भावाचं नाव, आमच्या शाखेचा कुठे उल्लेखच नाही. बाबा गेल्यावर ट्रंकेत एक मोडी खरेदीखत सापडलं, माघ शके 1834 चं, ओळखीच्या एकांनी वाचून दिलं तर ते म्हणाले आडनाव गाडी आहे. मी शकात 78 मिळवून 1912 काढलं आणि नोंदणी ऑफिसात त्या सालच्या नावांचा इंडेक्स घाडी, गाडी, आचरेकर तिन्ही नावांनी बघितला, काही नाही, असा दस्तच नाही म्हणाले. आता कुणी सांगतंय जुनी जनगणना काढा. थकले मी. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे आपले पण माड आहेत तिकडे, मला ते एकदा कागदावर बघायचंय. कुणी केलंय का हे?

बांधावरचा
ताई, जनगणनेच्या मागे नका लागू. 1881 पासून दर दहा वर्षांचे आकडे मिळतील, पण घरोघरची नावं आपल्याकडे बघायला मिळत नाहीत, 1948 च्या कायद्यातच ती गुप्त ठेवलीयत. त्यापेक्षा गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर आणि तहसीलला जन्ममृत्यूचा गाव नमुना 14 बघा. माझ्या चुलत आजोबांचं आडनाव पहिलीत एक आणि चौथीत दुसरंच, शाळा तीच, मधे मास्तर बदलले एवढंच.

मोडीप्रेमी
आधी साल दुरुस्त करा. शकात 78 मिळवायचे ते चैत्रापासून डिसेंबरपर्यंत, जानेवारी लागला की 79. माघ शके 1834 म्हणजे फेब्रुवारी-मार्च 1913. त्यात परत दस्त लिहिल्यापासून चार महिन्यांपर्यंत नोंदणीला देता येतो, 1908 च्या कायद्यापासून तसंच आहे, म्हणजे जून-जुलैपर्यंतची पानं बघायला हवीत. 1912 चं बुक कितीही चाळलंत तरी मिळणार नव्हतं.

आता आडनाव. मोडीत आधी आडवी रेघ मारून घ्यायची आणि तिला धरून सलग लिहीत जायचं, शब्दांमध्ये जागा नाही, ह्रस्वदीर्घाचा फरक नाही. तुमच्याकडे घाडी हा गावऱ्हाटीतला, म्हणजे गावच्या देवस्थानाच्या रीतीतला, मान आहे, गावकर हाही मान आहे, आणि घाडीगावकर हे आडनावही आहे. हे एका दमात लिहिलेलं असलं की इंडेक्स करणारा कुठे तोडेल सांगता येत नाही, तो गावकर आडनाव धरून ग मध्ये टाकतो आणि घाडी सोडून देतो. अमुक बिन तमुक म्हणजे तमुकचा मुलगा, तर एका बुकात मी तो बिनच आडनावाच्या रकान्यात बघितलाय! म्हणून ग, घ आणि पणजोबांच्या स्वतःच्या नावाचं अक्षर, सगळं बघा.

पण माझं ऐकाल तर आडनावावर शोधूच नका, जमिनीवर शोधा. खतात चतुःसीमा असणारच, पूर्वेस अमक्याचं ठिकाण, पश्चिमेस व्हाळ म्हणजे ओढा, दक्षिणेस पाणंद असं. तुम्ही बघितलात तो इंडेक्स एक, नावांचा. इंडेक्स दोन मिळकतीचा असतो, तो मागा. आणि शेजाऱ्यांचे जुने सातबारे काढा, त्यावर गोलात फेरफाराचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचे, नंबर असतात, एकेक फेरफार मागे मागे नेत जा, कुठेतरी लगतदार म्हणून तुमची माणसं भेटतील. आमच्या घरचं कोडं असंच सुटलं, आमच्या खतातून नाही, शेजारच्याच्या.

माडाचीवाट
आमच्याकडे पण असाच झाला हा. खताची मागची बाजू बघितलात काय? नोंदणी झालेली असेल तर मागे शेरा असतो, नंबर, कितवं बुक, कितवं पान. मग इंडेक्सची गरजच नाही. आणि रक्कम किती लिहिलीय? शंभराच्या आतला व्यवहार असेल तर नोंदणी सक्तीची नव्हती, मग कदाचित कुठेच मिळायचं नाही. कागद उलटताना जपून, घडीवर तुटतो, आणि सेलोटेप अजिबात लावू नका.

खाडीपलीकडे
आत्ताच उलटून बघितलं. प्लॅस्टिकच्या फायलीत घातलेलं होतं, मागचं कधी बघितलंच नव्हतं. रक्कम दीडशे. मागे गोल शिक्का आहे, अर्धा पुसट, पण बुक 1, पान आणि 1913 स्पष्ट वाचता येतंय. आणि दस्त हजर करणाऱ्याच्या सहीच्या जागी नांगर काढलाय, बाजूला निशाणी नांगर आणि लिहिणाऱ्याचा दस्तुर, म्हणजे हे कुणाच्या हातचं ते. तीनचार रेघांचा छोटासा नांगर, दांडा थोडा वाकडा गेलाय, शाई तिथे जाड झालीय. ते माझे पणजोबा. चतुःसीमेत पश्चिमेला व्हाळ पण आहे. सोमवारी भाऊ मालवणला जातोय नक्कल मागायला.

मोडीप्रेमी
छान झालं ताई! भावाला सांगा, अर्जात साल, बुक आणि पान एवढंच लिही, आडनावाचा घोळ तिथे काढूच नको. सिंधुदुर्ग 1 मे 1981 ला वेगळा झाला, तेव्हा मालवणला ते बुक नसलं तर रत्नागिरीला आहे का हेही तिथेच विचारून घ्या म्हणावं. आणि त्या नांगराचा नीट उजेडात फोटो काढून ठेवा.