मुलांच्या चिठ्ठीवर नुसतं औषधाचं नाव पुरेसं आहे का?

दोघांची आई (धागाकर्ती)

माझ्या धाकटीला आकडीचा त्रास आहे. तीन वर्षांपूर्वी तिच्या क्लोबाझाम ५ च्या गोळ्या संपत आल्या, म्हणून नवऱ्याने मेडिकलमध्ये फोन करून नाव सांगितलं. घरी आल्या त्या क्लोनाझेपाम ०.५. पोर दोन दिवस पेंगत होती, तोंडातून लाळ गळत होती, जेवताना ताटावरच मान टाकायची. ताप अंगात मुरला असेल, असं म्हणत आम्ही गोळी देतच राहिलो. तिसऱ्या दिवशी जुनी रिकामी स्ट्रिप सापडली, नवी तिच्याशेजारी धरली आणि माझे हातपाय गार पडले. डॉक्टरांनी लगेच बोलावून घेतलं. पोर सावरली.

चिठ्ठीवरचं अक्षर स्वच्छ होतं, कॅपिटलमध्ये होतं. म्हणून 'डॉक्टरांनी नीट लिहावं' एवढ्यावर माझं समाधान होत नाही. मुलांच्या प्रत्येक चिठ्ठीवर नावासोबत दोन गोष्टी हव्यातच: मुलाचं वजन, आणि औषध कशासाठी दिलंय ते. 'सर्दीसाठी' असं लिहिलेलं असेल, तर सेट्रिझिनच्या जागी नैराश्यावरचं सर्ट्रालिन हातात आलेलं निदान कोणाच्या तरी लक्षात येईल. पटतंय का?

काउंटरपलीकडून

मी फार्मासिस्ट, काउंटरवर बावीस वर्षं झाली. ताई, जे झालं ते वाचून वाईट वाटलं. तरी स्पष्ट बोलतो: तुमच्याच बाबतीत तुमचा उपाय चालला नसता. दोन्ही औषधं आकडीचीच. चिठ्ठीवर 'आकडीसाठी' असतं, तरी आमच्या माणसाला खटकलं नसतं.

खरं दुखणं नावं मंजूर होतात तिथे आहे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे फाल्सिटॅब आणि फाल्सिगो या नावांचा वाद गेला होता, दोन्ही मेंदूच्या मलेरियावरची औषधं. कोर्टाने तेव्हाच बजावलं की औषधांच्या नावांतलं साम्य इतर मालापेक्षा कडक कसोटीवर तपासलं पाहिजे, कारण इथे चूक झाली तर जीवावर बेततं. त्यानंतर २०१९ मध्ये नियम आला, तो असा की आपलं नाव आधीच्या कुठल्या नावासारखं नाही, असं कंपनीने स्वतःच लिहून द्यायचं. ज्याने पेपर लिहिला त्यानेच तो तपासायचा, असा हा कारभार. एक पक्की यादी करून सरकारनेच नावं नाकारायला हवीत. तोवर आईबापांवर नि डॉक्टरांवर कितीही ओझं टाका, गोंधळ थांबणार नाही.

जेनेरिकच हवं

मग ब्रँडनावं चिठ्ठीवरून काढूनच टाका ना! राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये जेनेरिक नाव लिहिणं बंधनकारक करणारे नियम आणले आणि त्याच महिन्यात स्थगित केले. एका औषधाला एकच नाव असेल, तर शेकडो ब्रँडचा घोळ मुळातच राहत नाही.

दोघांची आई

माझ्या मुलीच्या चिठ्ठीवर जेनेरिक नावच होतं हो. तीच तर अडचण. मूळ नावंही एकाच साच्यातून काढल्यासारखी आहेत. अझिथ्रोमायसिन घशाच्या संसर्गावर देतात, तर अझाथायोप्रिन प्रतिकारशक्ती दाबणारं. फोनवर अर्धवट ऐकणाऱ्याला दोन्हीकडे 'अझा' किंवा 'अझि' एवढंच ऐकू येतं.

काउंटरपलीकडून, तुमचा मुद्दा मान्य. माझ्या प्रसंगात 'कशासाठी' लिहून भागलं नसतं. पण एका जोडीला लागू पडत नाही म्हणून बाकीच्या जोड्यांनाही तो उपाय नको?

बालरोगतज्ज्ञ, तालुक्याचं गाव

वजनाबद्दल शंभर टक्के सहमत. मी चिठ्ठीच्या डोक्यावर वजन लिहितो आणि डोस 'चमचा'ऐवजी मिलीमध्ये. कारण मुलांमध्ये नाव बरोबर असूनही घात होतो. पॅरासिटामॉलच बघा. ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम, साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५, आणि जास्त ताकदीच्या सिरपमध्ये ५ मिलीत २५०. दहा किलोच्या बाळाला एका वेळी साधारण १५० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ड्रॉप्स दीड मिली, साधं सिरप ६ मिली, दुसरं ३ मिली. तिन्ही बाटल्यांवर नाव एकच. आजीने सिरपच्या सवयीने ड्रॉप्सच ५ मिली पाजले, तर बाळाच्या पोटात एकदम ५०० मिलिग्रॅम जातं. चिठ्ठीवर वजन असेल तर दुकानदार गणित पडताळू शकतो.

'कशासाठी' लिहायला मात्र माझा विरोध आहे, आणि वेळ नाही म्हणून नव्हे. आमच्याकडे आकडी हा शब्द कागदावर आला की आई ती चिठ्ठी चार घड्या करून ब्लाउजमध्ये लपवते. मेडिकलवाला ओळखीचा, त्याची बहीण मुलीच्या शाळेत. पुढे सहलीला नेत नाहीत, आणखी पुढे लग्नात आडवं येतं. चिठ्ठी गावभर फिरते, फाइल फिरत नाही. म्हणून मी औषध घेऊन परत दाखवायला सांगतो. सिस्टर बाटली हातात घेऊन चिठ्ठीशी ताडून बघते आणि किती द्यायचं ते आईकडूनच वदवून घेते. महिन्यातून एखाद-दुसरी चूक तिथे पकडली जाते.

दोघांची आई

डॉक्टर, लपवलेली चिठ्ठी मीही अनुभवली आहे. सासूबाई अजून तिच्या गोळ्यांना 'ताकदीच्या गोळ्या' म्हणतात. त्यामुळे तुमचा आक्षेप मला खोडता येणार नाही.

पण परत दाखवायची सोय पहिल्या खेपेलाच असते. आकडीचं औषध वर्षानुवर्षं चालतं, आणि दर महिन्याला गोळ्या संपल्या म्हणून कोणी वीस किलोमीटर दवाखान्यात येत नाही. आमची चूक झाली ती नेमकी अशाच खेपेत. शिवाय सर्दी, जंत, खोकला यात लपवण्यासारखं काय आहे? तिथे तरी लिहा. जिथे नावाची बदनामी होते, तिथे कागदावर नको, पण आईला तोंडी नीट सांगा.

काउंटरपलीकडून

दर महिन्याच्या औषधाबद्दल आमच्या बाजूने होण्यासारखं एक आहे. मुलांचं औषध फोनवर नुसतं नाव ऐकून द्यायचं नाही. चिठ्ठीचा किंवा जुन्या स्ट्रिपचा फोटो मागायचा, नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही दिसतील असा. ५ आणि ०.५ कानाला चकवतात, डोळ्यांना कमी. मी दुकानात कामाला असलेल्या दोन्ही मुलांना हे सांगितलंय. गर्दीच्या वेळी ते पाळतात का, हे मात्र मलाच उभं राहून बघावं लागतं. आणि चिठ्ठीतलं औषध संपलं असेल, तर 'त्याच्यासारखंच' दुसरं परस्पर द्यायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. कायद्यानेही ती मुभा आम्हाला नाही.

तरी नावं मंजूर करण्याचा मुद्दा मी सोडत नाही.

दोघांची आई

सोडूही नका. मी तेव्हापासून शेवटच्या दोन गोळ्या उरलेली स्ट्रिप पर्समध्ये ठेवते. नवी आली की दुकानातच दोन्ही शेजारी धरून अक्षर न् अक्षर जुळवते, मागे रांग असली तरी. डॉक्टर, तुमच्या सिस्टर आईकडून वदवून घेतात, त्यात एक प्रश्न वाढवाल का: 'या औषधाने पोर कशी दिसली तर लगेच फोन करायचा?' मला ते कोणी विचारलं असतं, तर मी दोन दिवस थांबले नसते.

बालरोगतज्ज्ञ, तालुक्याचं गाव

उद्यापासून सुरू करतो.