सल्ला हवा: कोमँची लोकांवरच्या ऐतिहासिक कादंबऱ्या (घोडे हवेत, घराणं हवं, उघड्या छातीचे हिरो नकोत)

माळावरची_वाट

मंडळी, कोमँचींवरची, म्हणजे टेक्सासच्या माळावरच्या मूळ अमेरिकन लोकांवरची, पुस्तकं सुचवा.

कॉलेजात असताना जी. एं.नी अनुवाद केलेलं ‘रानातील प्रकाश’ वाचलं होतं. लेनापे या मूळ अमेरिकन लोकांनी पळवून नेऊन पोटच्या पोरासारखा वाढवलेला गोरा मुलगा. १७६४ मध्ये सैन्याच्या धाकाने त्याला ‘आपल्या’ घरी परत धाडतात आणि तो धड इकडचा राहत नाही, धड तिकडचा. ते पुस्तक डोक्यातून गेलेलं नाही. अलीकडे ‘प्रे’ सिनेमा पाहिला, तोही कोमँची भाषेतला ऑडिओ लावून, आणि आता कोमँचींवरचंच काहीतरी वाचायची हुक्की आली आहे.

साहस हवं, टेक्सासचा माळ हवा, पण मध्यभागी घराणं हवं. बाप-मुलगा, आई-मुलगा, नावाला बट्टा लागणं, दिलेला शब्द पाळणं, असलं. मुखपृष्ठावर पिळदार योद्धा आणि त्याच्या मिठीत बेशुद्ध पडायच्या बेतात असलेली बाई, हा प्रकार नको. तसली वाचून झाली, पुरे. इंग्रजी चालेल. अकरावीतली भाचीही वाचणार आहे, तेव्हा रक्तपात किती ते आधीच सांगा.

बोरूबहाद्दर

कादंबरीच्या आधी पार्कर कुटुंबाची खरी हकीकत समजून घ्या. या विषयावर लिहिणारे फिरून फिरून तिथेच येतात.

मे १८३६ मध्ये टेक्सासातल्या पार्करांच्या गढीवर हल्ला झाला आणि नऊएक वर्षांची सिंथिया ॲन कोमँचींच्या हाती लागली. ती त्यांच्यातच वाढली, पीटा नोकोना नावाच्या म्होरक्याशी तिचं लग्न झालं, मुलं झाली. डिसेंबर १८६० मध्ये टेक्सास रेंजर्स या सशस्त्र दलाने पीज नदीकाठच्या कोमँची तळावर छापा घातला आणि तिला तान्ह्या मुलीसकट ‘सोडवून’ आणलं. तिला कुठे सुटायचं होतं? पळून जायचा प्रयत्न तिने पुन्हा पुन्हा केला. मुलगी काही वर्षांत आजारपणात गेली, तीही पुढे फार जगली नाही. मागे राहिलेला मुलगा म्हणजे क्वाना, कोमँचींच्या क्वाहाडी टोळीचा पुढारी.

आता तुमचा इभ्रतीचा मुद्दा. त्या छाप्याचा प्रमुख सुल रॉस. नोकोनाला आपल्या माणसांनी तिथेच लोळवलं, असं तो सांगत राहिला. पीज नदीच्या ‘लढाई’ने त्याचं नाव झालं आणि पुढे तो टेक्सासचा गव्हर्नरही झाला. क्वानाचं म्हणणं साफ वेगळं: माझा बाप त्या दिवशी तळावर नव्हताच, तो नंतर वारला. शिवाय तळावर लढवय्ये कमी आणि बायका जास्त होत्या, असं अनेक अभ्यासक म्हणतात. बापाचं मरण कोणाच्या खात्यावर मांडायचं, यावरचं हे भांडण. एकाचं राजकारण त्यावर उभं, दुसऱ्याच्या घराण्याचं नाव त्यात अडकलेलं. १९१० मध्ये क्वानाने आईचे अवशेष टेक्सासातून ओक्लाहोमात आणवले. पुढच्याच वर्षी तो गेला आणि त्याला तिच्या शेजारी पुरलं. कादंबरीकाराने आणखी काय मागावं!

आता कादंबरी. ल्युसिया सेंट क्लेअर रॉबसनची ‘राइड द विंड’, १९८२. सगळं सिंथिया ॲनच्या बाजूने. त्यात प्रेमकथा आहे, पण तुम्ही वैतागलात तसली नाही. तळावरचं रोजचं जगणं तब्येतीने लिहिलंय, आणि पकडून आणलेली पोर घरातली कशी होते ते घाई न करता येतं. सुरुवातीचा गढीवरचा हल्ला मात्र अंगावर येतो.

दख्खनी_तट्टू

आणि ग्विनचं ‘एम्पायर ऑफ द समर मून’ (२०१०)? कादंबरी नाही, पण कादंबरीहून वेगवान. वाचताना मला सारखे आपले शिलेदार आठवत होते. कोमँचींनी गावं लुटू नयेत म्हणून न्यू मेक्सिकोतले स्पॅनिश अधिकारी त्यांना भेटीदाखल माल देत. ही आपली चौथाईच की!

बोरूबहाद्दर

तट्टूराव, ते मुद्दामच टाळलं होतं. ग्विनची गोष्ट सांगायची हातोटी जबरदस्त, वाद नाही. पण कोमँची माणसांबद्दल लिहिताना त्याचा सूर एकोणिसाव्या शतकातल्या सरहद्दीवरच्या बातमीदारासारखा होतो, आणि मला ते खटकतं. त्यापेक्षा पेक्का हॅमलाइनेनचं ‘द कोमँची एम्पायर’ (२००८) घ्या. जड आहे, पण १७७९ मध्ये कुएर्नो व्हेर्दे हा कोमँची सरदार कसा पडला, लगोलग देवीच्या साथीने काय केलं, १७८६ मध्ये स्पॅनिशांशी तह का झाला, हे सगळं त्यात उलगडतं.

चौथाई ठीक, पण तिकडे मावळे शोधू नका. ज्यांनी सिंथिया ॲनला लेक मानलं, तेच लोक पकडलेली माणसं बाजारात विकतही होते. मला विचाराल तर या विषयावरच्या कादंबरीची परीक्षा तिथेच होते. एका घरात दत्तक आणि दुसऱ्या घरात गुलाम, हे दोन्ही ज्याला पेलतं त्याचंच पुस्तक वाचावं. बाकीचे एकतर राक्षस रंगवतात नाहीतर ऋषी.

डॅलसकर_नाना

राम राम. वरच्या परीक्षेत पैकीच्या पैकी घेणारं पुस्तक मी सांगतो: फिलिप मायरची ‘द सन’, २०१३.

१८४९ मध्ये इलाय मॅककुला या पोराला कोमँची धरून नेतात. टोशावे नावाचा माणूस त्याला मुलगा मानतो. पोरगं आधी बायकांच्या हाताखाली राबतं, मार खातं, हळूहळू त्यांच्यातलंच होतं. मारलेल्या बफेलोचा कुठला भाग कशासाठी वापरायचा, यावर मायरने पानंच्या पानं खर्च केली आहेत आणि तरी कंटाळा येत नाही. मग टोळीत देवी येते. ती प्रकरणं मी एका दमात वाचली आणि नंतर बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

पण पुस्तकाची खरी मेख पुढे आहे. हाच इलाय म्हातारपणी गडगंज जमीनदार होतो, आणि त्याचा स्वतःचा मुलगा पीटर डायरीत बापाच्या कृत्यांचा हिशोब मांडतो. शेजारच्या मेक्सिकन घराण्याची कत्तल करून जमीन हडपलेली. म्हणजे इभ्रत कोणाची, वारसा कशाचा? माळावरची_वाट, तुम्हाला हवं ते हेच. यावर मालिकाही आली होती, पिअर्स ब्रॉस्ननची. ती नाही पाहिली तरी चालेल.

भाचीला मात्र इतक्यात देऊ नका. सुरुवातीलाच इलायच्या आईवर आणि बहिणीवर जे होतं ते फार भयानक आहे.

अवांतर: कधी इकडे आलात तर अमरिलोजवळची पॅलो ड्युरो दरी बघा. गाडीतून तास न् तास नुसतं सपाट, टेकडीसुद्धा नाही, आणि मग जमीन अचानक फाटून खाली लाल माती. २८ सप्टेंबर १८७४ ला अमेरिकी सैन्यातल्या कर्नल मॅकेंझीची फौज याच कड्यावरून पहाटे घोड्यांचे लगाम धरून एकामागोमाग एक खाली उतरली. कोमँची, कायोवा आणि शायान लोकांचे तळ होते खाली. माणसं फारशी मेली नाहीत, निसटली. मॅकेंझीने तंबू आणि हिवाळ्याची बेगमी जाळली आणि पकडलेल्यांपैकी हजारावर घोडे गोळ्या घालून मारले. ज्या लोकांत माणसाची पत त्याच्या घोड्यांवर ठरत होती, त्यांना पायी करून टाकलं. १८७५ च्या जूनमध्ये क्वाना आपली माणसं घेऊन फोर्ट सिल या लष्करी ठाण्यात शरण आला. वर उभं राहिलं की ती वाट किती अरुंद असेल ते कळतं.

सिनेमावेडी

‘द सर्चर्स’चं नाव कसं कोणी घेतलं नाही? ॲलन ले मेची कादंबरी १९५४ ची, जॉन फोर्डचा सिनेमा १९५६ चा. पळवलेल्या पुतणीच्या मागावर वर्षानुवर्षं फिरणारा काका. तिला परत आणायला निघालाय की ‘बाटली’ म्हणून मारायला, हेच शेवटपर्यंत कळत नाही. घराण्याच्या अब्रूचं विष यापेक्षा नीट कोणी दाखवलंय असं मला वाटत नाही. पण कोमँची माणसं समजून घ्यायला हा सिनेमा उपयोगाचा नाही. टेक्सास म्हणून दिसते ती मॉन्युमेंट व्हॅली, कोमँची म्हणून उभे केलेले बरेचसे नावाहो या दुसऱ्याच जमातीचे, आणि त्यांचा म्होरक्या झालेला नट जन्माने जर्मन!

माळावरची_वाट

बाप रे, एवढं सगळं! नानासाहेब, ‘द सन’ आजच मागवते. दोन शंका. भाचीसाठी काय? आणि हे सगळे लेखक बाहेरचे दिसताहेत. कोमँची माणसांनी स्वतः लिहिलेलं काही नाही का?

उंबरठा

ताई, भाचीसाठी पॉलेट जाइल्सची ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ (२०१६). छोटीशी आहे, दोनेकशे पानांची. १८७० मध्ये गावोगाव वर्तमानपत्रं वाचून दाखवून पोट भरणारा म्हातारा कॅप्टन, आणि कायोवांकडून सोडवून आणलेली दहा वर्षांची मुलगी. तिला नातेवाइकांकडे पोचवायला तो टेक्सासभर गाडी हाकत जातो. कोमँची नव्हेत, कायोवा, पण दोन्ही टोळ्या एकमेकींच्या दोस्त. ‘रानातील प्रकाश’ आवडलं असेल तर हे आवडणारच. गोळीबार आहे, पण तिच्या वयाला झेपेल.

दुसऱ्या शंकेचं उत्तर कादंबरीत नाही, आत्मकथनात आहे: लाडोना हॅरिस यांचं ‘अ कोमँची लाइफ’. ओक्लाहोमात आजी-आजोबांकडे वाढलेली मुलगी, घरात कोमँची भाषा, आणि तिथून थेट वॉशिंग्टनच्या राजकारणात. तलवारबाजी शून्य, पण कुटुंब म्हणजे काय ते यात सापडेल. पॉल चाट स्मिथ हेही कोमँची. त्यांचे निबंध तिरकस आणि मजेदार आहेत, अमेरिकन इंडियन माणसाला साधुसंत बनवणाऱ्यांची त्यात चांगलीच हजेरी घेतली आहे. आणि साहसच हवं असेल तर विल्यम मेडोजचं दुसऱ्या महायुद्धातल्या कोमँची कोड टॉकर्सवरचं पुस्तक बघा. लेखक कोमँची नाही, पण त्या सैनिकांशी स्वतः बोलून लिहिलंय. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरून आपल्या भाषेत सांकेतिक निरोप पाठवणारी ही पोरं. रणगाड्याला ती ‘कासव’ म्हणत आणि हिटलरला ‘वेडा गोरा’.

डॅलसकर_नाना

उंबरठा, झकास यादी. लाडोनाबाईंचं माझ्याकडून राहून गेलं होतं, आता घेतो.

माळावरची_वाट, ‘द सन’ छापील प्रतच घ्या, ई-बुक नको. इलाय, पीटर आणि पणती जीन ॲन यांची प्रकरणं आलटून पालटून येतात, पन्नास-साठ वर्षांच्या उड्या असतात. पुस्तकाच्या सुरुवातीला वंशवृक्ष दिलाय, तिथे एक बोट ठेवूनच वाचावं लागतं.