सनद पुण्याची, आणि परत कॉलेजचं पहिलं वर्ष?

शिवाजीनगरकर:
पुण्यात तीन वर्षांचं एलएलबी, सनद, मग चार वर्षं शिवाजीनगर कोर्टात दिवाणी कामं. आता नवऱ्याच्या नोकरीमुळे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला. इथल्या कम्युनिटी कॉलेजात पॅरालीगलची (वकिलाच्या हाताखाली कायद्याची कामं करणारा सहायक) दोन वर्षांची असोसिएट डिग्री करायचं जवळपास ठरलंय. राज्याच्या रहिवाशांना युनिटला, म्हणजे क्रेडिटला, 46 डॉलर, 60 युनिटांचे 2,760. सासरे म्हणतात, "वकील होतीस, आता कारकून होणार?" मला वाटतं, इथला कायदा येत नसेल तर शिकायला लाज कसली? बोला.

भीमाकाठ:
लाज नाहीच, पण वाट चुकतेय. कॅलिफोर्निया परदेशी सनदवाल्यांना थेट बार परीक्षेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेला, बसू देतं, एलएलएमसुद्धा सक्तीचं नाही. हीच दोन वर्षं त्या अभ्यासात घाला. एकदा पॅरालीगल म्हणून ऑफिसात शिरलात की सगळे तुम्हाला तेवढंच समजतात.

निळी_फाईल:
भीमाकाठ, "बार द्या" म्हणायला काय जातं! परदेशी वकिलांतले बहुतेक तिथे आपटतात. मी कम्युनिटी कॉलेजातूनच पॅरालीगल झाले, नऊ वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात माझं ई-फायलिंग कोर्टाच्या क्लार्कने परत पाठवलं, का तर प्रूफ ऑफ सर्व्हिस, म्हणजे समोरच्याला कागद पोचवल्याचा पुरावा, जोडलं नव्हतं. वकालतनाम्यावर तिकीट राहिलं की आपल्याकडे होतं तेच! हे बारच्या पुस्तकात नसतं. डिस्कव्हरीच्या (दोन्ही बाजूंनी एकमेकांना द्यायच्या पुराव्याच्या) चार हजार पानांवर बेट्स नंबर, म्हणजे ओळीने पानक्रमांक, घालणं, डिपॉझिशनचा (कोर्टाबाहेर शपथेवर घेतलेल्या जबानीचा) गोषवारा काढणं, हे सगळं कॉलेजात हाताखालून गेलं होतं.

जाच मात्र आहे. पॅरालीगलने कायद्याचा सल्ला द्यायचा नाही. दिवाळीच्या फराळाला कुणीतरी हमखास विचारतं, "घरमालक डिपॉझिट देत नाही, काय करू?" 21 दिवसांत डिपॉझिटचा हिशेब द्यायचा नियम तोंडपाठ असून मी चकली खात बसते. तुम्हाला हे जड जाईल, सांगून ठेवते.

हिशेबी:
डिग्री कुठली यापेक्षा व्हिसा कुठला ते आधी बघा. एच-4 वर (एच-1बी नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) शिकता येतं, पण कमवायला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, लागतं, आणि तेही सहसा नवऱ्याचं आय-140 (ग्रीन कार्डासाठी कंपनीचा अर्ज) मंजूर असेल तर. असोसिएट डिग्रीवर होणाऱ्या कामासाठी स्वतःचं एच-1बी (नोकरीचा व्हिसा) मिळणं महाकठीण. शिवाय पदवी तुमच्याकडे आहेच, मग 60 युनिटं कशाला? राज्याच्या कायद्यात, कलम 6450 मध्ये, मान्यताप्राप्त कॉलेजातली कायद्याच्या विषयांची 24 युनिटं आणि सर्टिफिकेट पुरतं. 1,104 डॉलर.

शिवाजीनगरकर:
ईएडी हातात आहे, म्हणून तर विचारलं. 24 युनिटांचं कुणी बोललंच नव्हतं, कॉलेजच्या काउन्सेलरने सरळ डिग्रीचा तक्ता पुढे सरकवला. मग सर्टिफिकेटच करते. सिव्हिल लिटिगेशनचा (दिवाणी दाव्यांचा) वर्ग मंगळवारी संध्याकाळी आहे, त्यात नाव घालते.
भीमाकाठ, तुमचं पटत नाही. चार वर्षं कोर्टात उभी राहिलेय, पण इथल्या ज्युरीपुढे काय बोलतात ते मला फक्त सिनेमातून माहीत आहे.

भीमाकाठ:
इथे बहुतेक खटले ज्युरीपर्यंत जातच नाहीत, आधीच मिटतात! सर्टिफिकेट करा, पण सनद चालू ठेवा. ती गेली तर बारचं थेट दार बंद.

निळी_फाईल:
हे मात्र बरोबर बोललात.