डच ओव्हनमधला पाव खालून कोळसा, वरून कच्चा. लवकर सांगा (मदत हवी आहे)

वडगावचा_स्काऊटर
नमस्कार मंडळी. पुढच्या शुक्रवारी बेळगावजवळ जांबोटीला आमच्या स्काऊट ट्रूपचा कॅम्प आहे, तीसेक पोरं. एका पालकांनी अमेरिकेहून आणलेला डच ओव्हन (झाकणाचं जाड बिडाचं भांडं) दिलाय. झाकणावर निखारे ठेवून त्यात पाव भाजतात. परसात करून बघूलालोय, तर दरवेळी खालून काळाठिक्कर आणि वरून पांढराफटक, बोट लावलं तर चिकटतंय. पीठ मस्त फुगतं, यीस्टचा दोष नाही. पोरांना कबूल करून बसलोय. निखारे किती आणि किती वेळ, एवढंच सांगा. व्हिडिओच्या लिंका नकोत.

निखारा
ओव्हन किती इंची? कोळसा कुठला? खाली किती, वर किती?

निपाणीचा_प्रोफेसर
उंचीचा परिणाम असणार. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे, जांबोटी तर घाटमाथाच. हवेचा दाब कमी, त्यामुळे भाजण्याचं गणित बदलतं. तापमान वाढवून बघा.

निखारा
प्रोफेसर, अडीच हजार फुटांवर पाणी ९७-९८ अंशाला उकळतं. तेवढ्यानं पावाचा तळ जळत नाही. बेळगावातल्या बेकऱ्या काय समुद्रकाठी आहेत? आणि तळ जळतोय त्याला तापमान वाढवायला सांगताय!

चुलीवरची_काकू
बिडाच्या भांड्याला गंज आला असेल तर आधी जाड मीठ आणि अर्धा बटाटा घेऊन घासा. चिंच, लिंबू अजिबात नको. धुतलं की लगेच विस्तवावर कोरडं करायचं आणि तेलाचा हात फिरवायचा. तेल जास्त झालं तर चिकट थर बसतो, म्हणून लावलेलं तेल पुन्हा फडक्यानं पुसून काढायचं. सासूबाईंचा बिडाचा तवा आजही आरशासारखा आहे.

वडगावचा_स्काऊटर
काकू, गंज नाहीये. @निखारा, साधारण मोठा आहे. कोळसा आपला नेहमीचा, इस्त्रीवाल्याकडचा. खाली भरपूर, वर बसतील तेवढे.

निखारा
"खाली भरपूर" इथंच पाव गेला. भाजायचं असेल तर उलटं हवं: खाली एक भाग, वर दोन भाग. खालच्या निखाऱ्यांची धग वर चढून थेट तळाला लागते. पावाला रंग यायला झाकणाकडून उष्णता पाहिजे.
अमेरिकेत हिशेब असा असतो: भांड्याच्या इंचातल्या व्यासाच्या दुप्पट ब्रिकेट (दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या) म्हणजे साधारण १७५ अंश सेल्सिअस. १२ इंचीला २४, त्यातले १६ वर आणि ८ खाली. खालचे कडेनं रिंगणात मांडायचे, मधोमध एकही नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी भांडं चौथाई फेरा एका बाजूला आणि झाकण उलट्या बाजूला फिरवायचं, म्हणजे एकाच जागी डाग पडत नाही.
पण हे सगळं ब्रिकेटचं, कारण त्या सगळ्या एका मापाच्या असतात. इस्त्रीवाल्याचा लाकडी कोळसा भडकून जळतो आणि लवकर विझतो, एक तुकडा सुपारीएवढा तर दुसरा मुठीएवढा. तो मोजून उपयोग नाही. वीतभर अंतरावर तळहात धरून सात-आठपर्यंत आकडे म्हणता आले तर धग मध्यम समजा. शेजारी वेगळी शेगडी पेटती ठेवा, वरचे विझायला लागले की त्यातले घाला.

पळसपान
स्काऊटला मुळात भांडं कशाला? भांड्याशिवाय स्वयंपाक हाच खरा स्काऊट स्वयंपाक. पळसाच्या पानात पानगे लावा, राखेत बटाटे पुरा. आमच्या वेळी कुक बॅज असाच मिळायचा.

वडगावचा_स्काऊटर
पानगे दुसऱ्या दिवशी आहेतच. मला पाव पाहिजे.

खानापूरचा_वारा
जांबोटीत नेमकं कुठं? भीमगड अभयारण्य तिथनं जवळ आहे. हद्दीत विस्तव केलात तर वनखातं सोडणार नाही. आणि आता गवत वाळलंय, एक ठिणगी पुरे.

वडगावचा_स्काऊटर
मित्राच्या काजूच्या बागेत, सातबारा त्याच्या नावावर. विहिरीजवळची जागा साफ करून घेतलीये, पाण्याच्या बादल्या असतील.

चंदगडी
एवढ्या परवानग्यांची कटकट कशाला, तिलारीला या की आमच्याकडं. महाराष्ट्रात.

खानापूरचा_वारा
तिकडं काय जंगल नाही? आणि सातबारा इकडं म्हणत नाहीत गा, उतारा म्हण.

चंदगडी
झालं सुरू.

निखारा
सीमाप्रश्नाला वेगळे धागे आहेत. @स्काऊटर, "वर बसतील तेवढे" म्हणजे काय? झाकणाला कड नाही का? आणि खाली तीन पाय आहेत का?

वडगावचा_स्काऊटर
पाय नाहीत. झाकण घुमटासारखं आहे, कड नाही. निखारे घसरतात म्हणून वर चार-पाचच राहतात. आतून पांढरं आहे, छान चकचकीत. झाकणाची काळी मूठ जरा वाकडी झालीये.

निखारा
अहो मग आधी सांगायचं ना! तो कॅम्पचा डच ओव्हन नव्हे, घरातल्या ओव्हनमध्ये ठेवायचं एनॅमलचं (काचेसारखा लेप दिलेलं) भांडं आहे. दोघांना तिकडे एकच नाव. त्यावर निखारे ठेवले की एनॅमल तडकतं, कपचे पावात येतील. मूठ वितळली म्हणजे तीही प्लास्टिकसारखीच. आतून तडा नसेल तर भांडं पुसून त्या पालकांना परत द्या.

उद्यमबागी
फाउंड्रीत आयुष्य गेलं म्हणून बोलतो. पाय आणि कडेचं झाकण असलेलं १२ इंची भांडं आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सहज ओतून मिळेल. झाकणासकट आठ-नऊ किलो भरेल. भिंत सगळीकडे सारखी जाड पाहिजे. पण इंजिनाच्या भंगारातलं ओतू देऊ नका, खाण्याचं भांडं आहे, नवं पिग आयर्न (भट्टीतून आलेलं कच्चं लोखंड) सांगा.

निखारा
शुक्रवारपर्यंत? पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना), साचा, ओतकाम, मग वाळू झाडून तेल पाजणं. पुढच्या वर्षीसाठी करा.

उद्यमबागी
पॅटर्न तयार असला तर दोन दिवस. तुम्हाला फाउंड्रीतलं काय माहीत?

चुलीवरची_काकू
भांडत बसू नका. माझ्या माहेरी भानोलं करायचे, वर निखारे, खाली निखारे. खास भांडं कुणाकडं होतं? जाड बुडाचं पातेलं आणि वर निखारे भरलेली परात. अंदाज झाकण उचलून नाही घ्यायचा, वासावर घ्यायचा. दर मिनिटाला उघडलंत तर वर रंग येणारच नाही.

निखारा
काकूंचं बरोबर. त्यात फक्त बीड वापरा. बिडाची खोल कढई तीन विटांवर ठेवा, म्हणजे पायांचं काम झालं. झाकण म्हणून वर बिडाचा खोलगट तवा, त्यात निखारे घसरत नाहीत. कढईत कुकरची जाळी, तिच्यावर पावाचा डबा, म्हणजे पाव तळाला टेकत नाही. वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा करा, नाहीतर एकीकडचे निखारे भराभर जळतात. किलोभराच्या गोळ्याला ३५-४० मिनिटं. तीस पोरांना दोन कढया लागतील. आणि तापलेल्या बिडावर गार पाणी ओतायचं नाही हे पोरांना आधीच सांगा, ताडकन फुटतं.

वडगावचा_स्काऊटर
कढई घरात आहे, तवा शेजारच्यांकडून मागतो. @उद्यमबागी, पुढच्या वर्षासाठी तीन पाय आणि कडेच्या झाकणाचा अंदाजे खर्च व्यक्तिगत निरोपानं कळवा.

निपाणीचा_प्रोफेसर
उंचीचं मी म्हणत होतो ते तरीही एकदा तपासून बघा.

पळसपान
पावाबरोबर खायला काय आहे पण?