४० ची बाटली बंद करा म्हणणाऱ्यांना

मिरजकर:
काल एकांनी लिहिलं की इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज ही मागास पद्धत आहे, सरकारने ती बंद करून सगळ्यांना पेन द्यावं, आणि सुईला घाबरणाऱ्यांसाठी तोंडाने श्वासाबरोबर आत ओढायचं इन्सुलिन आलंच आहे. वाचून डोकं फिरलं.

मी औषधाच्या दुकानात काउंटरला उभा असतो. १० मिलीच्या बाटलीत ४०० युनिट मिळतात, म्हणजे मिलीला ४०; हीच ती ४० ची बाटली. पेनचं कार्ट्रिज, म्हणजे आत बसवायची औषधाची नळी, ३ मिलीचं, त्यात ३०० युनिट, म्हणजे मिलीला १००. त्यावर सुया वेगळ्या घ्यायच्या आणि दर वेळी टोचण्याआधी दोन युनिट हवेत सोडायची. ४० ताकदीचं साधं ह्यूमन इन्सुलिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणून त्याच्या किमतीला सरकारचा लगाम आहे. ‘या महिन्यात एकच द्या’ म्हणणारी माणसं माझ्यासमोर रोज येतात. त्यांच्या हातातली बाटली काढून काय देणार आहात?

ओढायच्या इन्सुलिनला आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, हे खरं. पण ते जेवणावेळचं, झटपट उतरणारं. टाइप १ वाल्याला, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही त्याला, दिवसभर पुरणारं इन्सुलिन टोचावंच लागतं. दमा किंवा सीओपीडी (श्वासाचा दीर्घकाळचा आजार) असेल तर ते चालत नाही, सुरू करण्याआधी फुफ्फुसांची तपासणी लागते. फायझरने २००६ मध्ये असंच एक बाजारात आणलं आणि २००७ मध्ये गुंडाळलं.

अनघा_ठाणे:
ते ‘एकांनी’ म्हणजे मी. मी का लिहिलं तेही ऐका. बाबांचं पेन चालू होतं. सुया संपल्या. घरी मदतीला येणाऱ्या बाईंनी घरात पडलेली लाल टोपणाची सिरिंज घेतली, कार्ट्रिजमधून २० च्या रेघेपर्यंत औषध ओढलं आणि टोचलं. लाल टोपण म्हणजे ४० ताकदीच्या औषधासाठी आखलेली सिरिंज, कार्ट्रिज १०० चं. २० ची रेघ म्हणजे अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट गेली. अडीचपट! पहाटे बाबा घामाने भिजलेले, हाकेला ओ देईनात, साखर ३८. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर डोळे उघडले. ब्रिटनने १९८३ मध्ये सगळं १०० वर आणलं. आपण अजून दोन ताकदी शेजारी शेजारी विकतो आणि दोष पेशंटच्या माथी मारतो. तुमच्या दुकानाचा हिशेब मला सांगू नका.

मिरजकर:
ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण तुमच्या घरी जे घडलं त्यात बाटली कुठे होती? औषध पेनचं होतं. उलटंही होतंच की: ४० च्या बाटलीला केशरी टोपणाची १०० ची सिरिंज लावली तर २० च्या रेघेला फक्त ८ युनिट जातात आणि साखर ३०० च्या खाली येत नाही. गोंधळ दोन ताकदींचा आहे. बाटली ठेवून तीच १०० ची करा म्हणालात तर बोलू. ‘सगळ्यांना पेन’ हे दवाखान्यात आलेल्या औषध कंपनीच्या प्रतिनिधीचं बोलणं झालं.

अनघा_ठाणे:
मला कुठल्याही कंपनीने पाठवलेलं नाही. शब्द जपून वापरा.

सातपुडा_आरोग्य:
मी धडगावच्या बाजूला काम करते. वीज दोन-दोन दिवस नसते. बाटली मडक्यात ठेवतात, ओल्या फडक्यात गुंडाळून, आणि ते जमतंही. पेन बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, सुई कुठून आणणार? पण मिरजकर, बाटलीचं इतकं कौतुकही नको. एकच सिरिंज आठवडाभर वापरतात, रेघा पुसून जातात तरी अंदाजाने भरतात. पोटावर एकाच जागी टोचून हाताला लागतील अशा गाठी होतात, आणि त्या गाठीत टोचलेलं औषध नीट लागू होत नाही.

खानदेशी_भाऊ:
बाटली का पेन, हे नंतर. साखर मोजायच्या ज्या मीटरवर बघून तुम्ही युनिट ठरवता ते मीटर किती खरं? माझ्या आईचं एकाच बोटाचं रक्त, दोन मीटर, एकावर १६८ तर दुसऱ्यावर २११. आणि वर्षभरात त्या मीटरच्या स्ट्रिपा, म्हणजे रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्या, बाजारातून गायब, घ्या आता नवं मीटर.

मिरजकर:
भाऊ, मानकातच ती सूट आहे. साखर १०० च्या वर असेल तर ९५ टक्के निकाल प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत आले की मीटर पास. म्हणजे खरी १९० असेल तर १६८ आणि २११ दोन्ही पास.

खानदेशी_भाऊ:
मग पास कशाला म्हणायचं त्याला? एकावर दोन युनिट वाढवायची, दुसऱ्यावर चार. १ जानेवारी २०२१ पासून ग्लुकोमीटर औषध कायद्याखाली आले म्हणे. आमच्या गावात कोण तपासायला आलं? डबी उघडी राहिली की स्ट्रिप ओल धरते, तरी टपरीवर सुट्या स्ट्रिपा विकतात!

सातपुडा_आरोग्य:
सुट्या स्ट्रिपांचं अगदी बरोबर. पण आधी हात धुवायला सांगा. आंबा चिरून तसंच बोट टोचलं, आकडा २४० आला. साबणाने धुऊन, पुसून पुन्हा घेतलं तर १४२. मीटर फेकायला निघाले होते घरचे.

खानदेशी_भाऊ:
माझी आई हात धुते. प्रत्येक वेळी पेशंटच चुकला, हे कधी थांबणार?

अनघा_ठाणे:
हेच मी वर म्हणत होते आणि मला प्रतिनिधी ठरवलं गेलं.

मिरजकर:
तो शब्द मागे घेतो. बाकीचं नाही. १०० ची बाटली, आजच्या ४० च्या युनिटमागच्या दरात आणि तितक्याच पक्क्या किंमत मर्यादेत, खेड्यातल्या दुकानापर्यंत पोचत असेल तर ४० बंद करायला माझी हरकत नाही. आधी ती येऊ दे, मग ही काढा.

अनघा_ठाणे:
एवढं मान्य. पेनचा आग्रह सोडते, दोन ताकदींचा सोडणार नाही. आणि ती येईपर्यंत, सिरिंज देताना बाटलीवरचा ४० चा आकडा आणि टोपणाचा रंग गिऱ्हाइकाला समोर धरून दाखवता का, एवढं सांगा.

मिरजकर:
दाखवतो. गर्दीच्या वेळी पोऱ्या काउंटरवर असला की राहून जातं.

अनघा_ठाणे:
मग पोऱ्याला शिकवा.

खानदेशी_भाऊ:
आणि स्ट्रिपांचं काय? त्यावर अजून कोणी बोललं नाही.